बी.पी.ची गोळी अन् अंगावरची खाज

आमचे मोठे मामा चिखली तालुक्यातले. सहा एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन अन् तूर. बी.पी. निघाले तेव्हा वय साठीच्या पुढे गेलेले. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली आणि मामांनी ती दीड वर्ष नेमाने घेतली. मग एका पावसाळ्यात त्यांच्या मानेला, हाताला, डोळ्यांच्या पापण्यांना खाज सुटली. खाजवून खाजवून कातडी जाड अन् काळी झाली. पारावर बसलेल्या शेजाऱ्याने निदान केले, "गोई गरम पडली तुमाले, बंद करून पाहा."

मामांनी गोळी बंद केली. घरात कोणाला सांगितले नाही. सब्जा, ताक, गुलकंद सुरू झाले. खाज तिळभरही कमी झाली नाही, पण गोळी पुन्हा सुरू करावी असे काही त्यांना वाटले नाही. अडीच महिन्यांनी, सोयाबीन सोंगणीच्या ऐन घाईत, एका सकाळी चूळ भरताना तोंडातले पाणी एका बाजूने गळू लागले. उजवा हात उचलेना. लकवा झाला होता. आज हात बराच सुधारला आहे, पण वखराचे रुमणे काही धरता येत नाही.

खाज कशाची होती हे नंतर त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर समजले. ती बांधावरच्या गाजरगवताची होती. गोळीचा त्यात काही संबंध नव्हता.

आता शेजारी बोलला ते सगळेच चूक, असेही म्हणता येत नाही. बी.पी.च्या व हृदयाच्या गोळ्यांनी काही लोकांच्या अंगावर पुरळ येते, खाज सुटते, पाय सुजतात, चेहरा काळवंडतो, हे खरे आहे. चुकले ते एवढेच की कोणती गोळी अन् कोणती खाज हे न पाहताच औषध सोडले. बी.पी. दुखत नाही, खाजत नाही. खाज मात्र रात्रभर झोपू देत नाही. साहजिकच माणूस जे जाणवते त्याचा इलाज करतो आणि जे जाणवत नाही ते अंगावर काढतो. खेड्यापाड्यात औषध सुटण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून शेतकरी बंधूंनी व गावच्या कारभाऱ्यांनी यातले थोडे तरी समजून घेतले पाहिजे.

उन्हात काम करणाराची गोळी

बी.पी.च्या गोळ्या एका जातीच्या नसतात. त्यातली एक जात लघवीवाटे मीठ अन् पाणी बाहेर काढते. हिचे जुने अन् स्वस्त औषध म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. पुष्कळदा ते दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असते. पाकिटावर मुख्य नावापुढे इंग्रजी 'एच' अक्षर असेल तर बहुधा हेच औषध त्यात आहे असे समजावे, आणि मेडिकलवाल्याकडून खात्री करून घ्यावी.

औषध चांगले आहे. पण काही लोकांच्या कातडीत ते असताना ऊन लागले की कातडी भाजल्यासारखी लाल होते, खाजते, पुढे काळी पडते. आपल्या घाटाखालच्या तालुक्यांत मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि शेतकऱ्याला सावलीत बसून भागत नाही. शहरातल्या कारकुनाला जी गोळी काही करणार नाही, ती शेतकऱ्याला त्रास देऊ शकते. म्हणून गोळी लिहून घेताना "डॉक्टरसाहेब, मी दिवसभर उन्हात असतो" एवढे वाक्य आवर्जून बोलावे. ते विचारायचे विसरले तरी आपण सांगायला विसरू नये.

हा त्रास ढगाळ हवेतही होतो, कारण त्याला कारणीभूत असलेले किरण पातळ ढगातून खाली येतात. उपाय साधा आहे. पूर्ण बाहीचा सदरा, गळ्याभोवती दुपट्टा, डोक्यावर कडा असलेली टोपी. आपली गांधी टोपी डोके झाकते, पण कान अन् मान उघडीच राहते. निंदणाला जाणाऱ्या बाया साडीवरून जुना शर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल बांधतात, ते या बाबतीत पुरुषांपेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे.

या औषधाबद्दल 2020 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक सूचना काढली. ते फार दिवस घेतल्यास कातडीच्या काही प्रकारच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, अशी ती होती. हा धोका मुख्यतः गोऱ्या कातडीच्या लोकांचा. सावळ्या कातडीला तो फार कमी असल्याने धसका घेण्याचे कारण नाही. मात्र चेहऱ्यावर किंवा हातावर न भरणारी जखम किंवा वाढत जाणारी गाठ दिसली तर दाखवून यावे.

गवत की गोळी?

गाजरगवताची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण आपल्याकडे घोटाळा नेमका इथेच होतो. 1950 च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा नोंदले गेलेले हे गवत आज असे एक शिवार नाही जिथे दिसत नाही. त्याची वाळलेली भुकटी वाऱ्याने उडते आणि अंगावर बसते. काही लोकांना वर्षानुवर्षे काही होत नाही आणि एके वर्षी अचानक खाज सुरू होते. मग ती दर हंगामाला येते. "आजपर्यंत झालं नाही, आताच कसं?" असे मामाही म्हणत होते. अंगाला एखाद्या गोष्टीचे वावडे निर्माण व्हायला वेळ लागतो.

उन्हाची गोळी अन् गाजरगवत, दोन्हींची खाज उघड्या भागावरच येते, म्हणजे चेहरा, मान, हात. फरक बारकाईने पाहिला तर दिसतो. उन्हाने झालेली असेल तर जिथे सावली पडते ती जागा सुटते. हनुवटीच्या खालचा भाग, कानामागची जागा, वरच्या पापण्या बऱ्याच अंशी स्वच्छ राहतात. सदऱ्याची कॉलर जिथे संपते तिथे रेघ मारल्यासारखी हद्द दिसते, घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी मूळ रंगाची राहते. गवताची भुकटी मात्र वाऱ्यासोबत कुठेही शिरते. पापण्या, कानामागे, हनुवटीखाली, कोपराच्या वळीत ती हमखास बसते. मामांच्या पापण्या सुजल्या होत्या, तेव्हाच ओळखता आले असते. अर्थात जुन्या दुखण्यात दोन्हींची सरमिसळ होते, गवताचा रोगी पुढे उन्हालाही सोसत नाही, म्हणून शेवटचा निर्णय डॉक्टरचाच.

फवारणीचेही तसेच आहे. औषध मारून आलेल्या दिवशी हाताला, मांडीला आग होत असेल तर बी.पी.च्या गोळीवर आळ घेण्याआधी पाठीवरचा पंप गळतो का ते पाहावे.

दुसरी खूण तारखेची. नेहमीचे पुरळ नवी गोळी सुरू केल्यापासून साधारण एक-दोन आठवड्यांत येते. पण काही प्रकार उशिरा येतात. नडगीवर, मनगटावर जांभळट, चपटे, खाजरे उठाणू येतात, ते गोळी सुरू करून कित्येक महिन्यांनीही उठू शकतात. म्हणून गोळी जुनी असली तरी तिला एकदम निर्दोष सोडू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी सुरू केल्याची तारीख अन् पुरळ दिसल्याची तारीख लिहून ठेवली तर डॉक्टरचे निम्मे काम होते.

पाय सुजले म्हणून

सरकारी दवाखान्यात बी.पी.साठी सर्रास दिली जाणारी गोळी ॲम्लोडिपिन. हिने खाज क्वचित येते, पण घोटे सुजतात. 5 मिलिग्रॅमच्या गोळीवर शंभरात तिघांचे, 10 मिलिग्रॅमवर दहात एकाचे पाय सुजतात, आणि बायकांत हे प्रमाण जास्त. संध्याकाळी तोरड्या पायात रुततात, सकाळी सूज उतरलेली असते. कारण असे की ही गोळी रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या सैल करते, परत आणणाऱ्या नळ्या तेवढ्या सैल होत नाहीत. कॅनॉलचे गेट पूर्ण उघडले अन् निचऱ्याची चर तेवढीच राहिली तर पाणी बांधावर झिरपणारच. या सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही. डोस कमी केला किंवा सोबत टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी दिली की बहुतेकांची सूज उतरते. काहींच्या हिरड्याही फुगतात, ते दाताच्या डॉक्टरला सांगावे.

पण इथे आपल्या जिल्ह्यापुरता एक इशारा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या पट्ट्यातले पाणी खारे आणि तिथल्या गावांत किडनीच्या रोग्यांची संख्या चिंता करण्यासारखी. किडनी बिघडली की बी.पी.ही वाढते अन् सूजही येते. त्यामुळे पाय सुजला की "गोळीनेच सुजला" असे म्हणून स्वस्थ बसणे या पट्ट्यात परवडणारे नाही. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस, चालताना दम, रात्री उशीशिवाय झोप न लागणे यातले काही असेल तर लघवीची अन् रक्ताची तपासणी लगेच करून घ्यावी.

ओठ सुजले तर थांबू नका

आतापर्यंतच्या तक्रारी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन सांगता येण्याजोग्या होत्या. ही तशी नाही.

एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, म्हणजे नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्या हृदयाला अन् बी.पी.ला फार उपयोगी आहेत. त्यांचा जन्म सापाच्या विषातून झाला. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या दंशाने माणसाचे बी.पी. का कोसळते याचा शोध घेता घेता त्यातून कॅप्टोप्रिल तयार झाले आणि 1981 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीला ते मोठ्या डोसात दिले जाई, तेव्हा पुरळ येणे अन् तोंडाची चव जाणे या तक्रारी बऱ्याच होत. डोस कमी झाले तशा त्या घटल्या.

एक मात्र राहिली. हजारात एकापासून सातांपर्यंत लोकांना या गोळ्यांनी अचानक ओठ, जीभ, गाल, घसा सुजतो. खाज नसते, चट्टे नसतात, नुसती सूज. ती पहिल्या आठवड्यात येईल किंवा पाच वर्षांनीही येईल. गांधीलमाशी चावली असेल, काही खाण्यात आले असेल, असे म्हणत लोक घरी थांबतात. घसा आतून सुजला तर श्वास कोंडतो. नेहमीचे ॲलर्जीचे इंजेक्शन या सुजेवर फारसे काम करीत नाही, कारण तिच्या मागचे रसायनच वेगळे आहे. तेव्हा गावातल्या डॉक्टरने एव्हिल दिले अन् आता बरे वाटेल म्हणून घरी पाठवले, असे होऊ देऊ नये. 108 ला फोन करावा, मोठ्या दवाखान्यात न्यावे, गोळीचे पाकीट सोबत न्यावे. ती गोळी त्या क्षणी बंद, आणि 'प्रिल' घराण्यातली कुठलीही गोळी जन्मभर नाही. हे कार्डावर लाल शाईने लिहून घ्यावे.

तसेच दुसरे. अंगावर पाण्याचे फोड, कातडी सोलून निघणे, तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी जखमा, सोबत ताप, असे दिसले तर तासाचाही उशीर नको. बी.पी.च्या गोळ्यांनी हे फार क्वचित होते. सल्फाच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, दुखण्यावरच्या गोळ्या यांनी अधिक होते. माणूस मात्र त्या दोन दिवस घेतलेल्या गोळीचे नाव विसरतो आणि रोजच्या बी.पी.च्या गोळीचे नाव सांगतो. अंगदुखीसाठी किराणा दुकानातून घेतलेली गोळीही डॉक्टरला सांगायची असते. अशा बऱ्याच गोळ्यांनी बी.पी. वाढते, ही आणखी वेगळी गोष्ट.

हृदयाच्या गोळ्या

ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्यांनी हातपाय गार पडतात आणि ज्याला सोरायसिस आहे त्याचे चट्टे भडकू शकतात. पण या गोळ्या एकदम बंद केल्या तर छातीत कळ येते, झटकाही येऊ शकतो. त्या पायरीपायरीने अन् डॉक्टरच्या सांगण्यावरूनच कमी करायच्या.

स्टेंट बसवलेल्यांना ॲस्पिरिन अन् क्लोपिडोग्रेल असते. त्यांनी हातावर काळेनिळे डाग पडतात, कधी गांध्या उठतात. डाग पाहून घरची माणसे घाबरतात आणि चार दिवस गोळी थांबवून पाहू म्हणतात. त्या चार दिवसांत स्टेंटमध्ये गुठळी धरू शकते. या बाबतीत प्रयोग नको. गांध्या येत असतील तर बदली औषध आहे. नाकातून, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा शौच काळी होत असेल तर त्याच दिवशी दाखवावे. निकोरँडिल या गोळीने तोंडात न भरणारे छाले येतात. आपल्याकडे तोंडात छाला म्हटला की खर्ऱ्यावर खापर, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते, म्हणून गोळी अन् खर्रा दोन्ही डॉक्टरपुढे कबूल करावे. ॲमिओडॅरोन फार दिवस घेतली तर चेहऱ्यावर निळसर राखाडी झाक येते अन् ऊन सोसत नाही. ही गोळी थोड्याच रोग्यांना लागते.

"मग झाडपाल्याचे का घेऊ नये?" असा प्रश्न येतोच. झाडपाला कमी नाही. सर्पगंधेच्या मुळीने बी.पी. उतरते हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात लिहून जगाला दाखवले, आणि 1957 साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण त्या मुळीनेही नाक चोंदते, मन उदास होते, आणि म्हणूनच ती मागे पडली. जे औषध अंगात काम करते त्याचा थोडाफार त्रास कोणाला तरी होणारच. शेजारच्या जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला 1980 च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून कितीतरी जीव वाचवले. तीही बी.पी.चीच गोळी, आणि तिनेही पहिल्या डोसाला माणूस उभा राहताच चक्कर येऊन पडू शकतो.

काय करावे

खाज सुटली की गावात पहिला इलाज मेडिकलमधली ट्यूब. या ट्यूबांत बहुधा स्टिरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, खरे दुखणे झाकले जाते आणि नायटा असेल तर तो अंगभर पसरतो. चिठ्ठीशिवाय ती मागू नये आणि मेडिकलवाल्यानेही देऊ नये.

गोळ्यांचे पाकीट पुरे घ्यावे. चार गोळ्या कापून घेतल्या की नाव दुसऱ्याच तुकड्यावर राहते आणि मग "पांढरी, बारकी, गोल" एवढेच सांगता येते. अशा गोल पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत. जुने पाकीट फेकण्याआधी एक तुकडा नाव अन् बॅच नंबरासह डबीत ठेवावा. डॉक्टरकडे "ही बंद करू का?" असे न विचारता "हिच्याऐवजी दुसरी आहे का?" असे विचारावे. जवळपास प्रत्येक वेळी दुसरी असते. त्वचारोगाच्या डॉक्टरकडे गेलात तर बी.पी.च्या गोळ्याही सोबत न्या, आणि बी.पी.च्या डॉक्टरला ट्यूब दाखवा.

आशाताई, उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी, ग्रामसेवक यांनी एक ध्यानात ठेवावे. गोळ्या न्यायला माणूस महिनाभर आला नाही की तो गावाला गेला असे समजू नये. घरी जाऊन विचारावे. मामांकडे कोणी विचारायला गेले असते तर खाजेची गोष्ट तेव्हाच निघाली असती.

सांगितल्याने काय होते हे शेगाव तालुक्याने पाहिले आहे. डिसेंबर 2024 च्या शेवटी बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडू लागले. आधी पाण्यावर संशय, मग शाम्पूवर. बातमी बाहेर आली तशी आरोग्य खात्याची पथके आली, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे शास्त्रज्ञ आले, नमुने तपासले गेले. पुढे डॉ. बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवले. एकेकाने घरात बसून डोक्याला तेल चोळले असते तर गव्हापर्यंत कोणी पोचलेच नसते.

औषधांच्या त्रासाचेही सरकारी दप्तर आहे. 2010 पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी घेतल्या जातात. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय भेषज संहिता आयोगात आहे. डॉक्टरच नव्हे, रोगी स्वतःही तिथे कळवू शकतो. कळवण्याचा फॉर्म मराठीतही आहे. फोन 1800-180-3024, पैसे पडत नाहीत. गोळीचे नाव, बॅच नंबर, सुरू केल्याची अन् त्रास झाल्याची तारीख एवढे हाताशी ठेवून फोन करावा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर करवसुलीच्या नोटिशीशेजारी हा नंबर लिहायला एक खडू पुरतो.